गुरुवारचा पट

गुरुवारी आमच्याकडे पाणी बंद असतं.
हे महापालिकेला माहीत आहे,
बंद तीच करते.
शाळाही तिचीच.
तरी पटपडताळणीला साहेब आले ते गुरुवारीच.

मला आधी दिसली त्यांची बाही.
एकावर एक दोन घड्या, म्हणजे इस्त्री घरची, घाईतली.
माझा धंदाच तो. कोंढव्यात, चढावर,
शाळेच्या भिंतीला लागून माझी टपरी आहे.

समितीत मी पालकांच्या वतीने.
तीन वर्षांत सह्या केल्या
खिचडीच्या तांदळावर,
मुलींच्या संडासाच्या कडीवर,
एकदा नव्या घंटेवर, ती अजून यायची आहे.

त्या दिवशी ठराव क्रमांक चार:
पटावर त्रेसष्ट, हजर एकेचाळीस,
सबब एक शिक्षिका अतिरिक्त.
साठाच्या वर तीन, साठाच्या आत दोन, असा नियम.
अतिरिक्त म्हणजे काय हो, मी विचारलं.
जास्तीची, साहेब म्हणाले.
निघोटबाई फळ्याशी उभ्या होत्या.
त्यांनी खडू खाली ठेवला,
मग परत उचलला.

म्हटलं, साहेब, उरलेली बावीस दाखवते, चला.
हेडमास्तर अहो अहो करेपर्यंत
हजेरीचं पुस्तक माझ्या काखेत होतं.

टँकर वळणावर लागलेला.
रांग भंगारवाल्यापासून पार मशिदीपर्यंत.
मी नावं घेत गेले, मोठ्यानं.
नसरीन बागवान. हजर, दोन कॅन.
यशराज धेंडे. हजर,
आई कामावर गेलीय, तिची बारी धरून.
लोखंड्यांची दोघं, एका हंड्याला दोन हात.
साईराज कुणाला तरी ढकलत होता,
त्यालाही हजर धरला.
बायका हसायला लागल्या. एक म्हणाली,
माझंही नाव घे गं, माझी चौथी राहिलीय.

एकवीस झाली.
बाविसावी पूजा राठोड.
दोनदा हाक मारली.
साहेब हळूच म्हणाले, आणि ही?
खोटं बोलायची सोय होती. कॅनच कॅन पडले होते,
कुठल्याही एकाकडे बोट दाखवलं असतं.
म्हटलं, गेली. खराडीला नवं बांधकाम निघालंय,
रविवारी टेम्पोत बसून गेली सगळी.
तरी बासष्ट होतात, साहेब.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.
ताई, हजेरी वर्गात घेतात.

चुकीचं नव्हतं ते.
म्हणून जास्त राग आला.

परत येऊन सहीच्या जागी मी लिहिलं:
गुरुवारी मोजू नये. रत्नमाला दळे.
जागा पुरली नाही, आडनाव कडेनं वर चढलं.
पुढच्या सभेत वाचलं गेलं ते एवढंच,
'एक सदस्य असहमत.'

बाई सोमवारी सूसला रुजू झाल्या.
दोन बस, दीड तास, असं ऐकते.
आता तिसरी-चौथी एकाच खोलीत,
एकमेकींकडे पाठ करून बसतात.
पाढे म्हणताना दोन्हीकडून येतात,
बारा साते आणि सोळा साते टपरीपर्यंत
एकमेकांत अडकून.

पाण्याचा वार बदला म्हणून अर्ज केला.
शाळेचं खातं म्हणालं, पाण्याच्या खात्याला विचारा.
पाण्याचं खातं गुरुवारी उघडं असतं.

बाईंची एक साडी माझ्याकडे राहिलीय,
बिस्किटी कॉटन, तपकिरी काठ.
आठवड्यानं ती उलगडते, घडी बदलून ठेवते,
एकाच जागी घडी राहिली तर कापड तिथंच विरतं.
काल नसरीन चढावर थांबली, कॅन खाली ठेवले,
म्हणाली, ही बाईंची ना?
मी म्हटलं, पैसे दिलेत त्यांनी. बारा रुपये.
तिनं काठाला हात लावला नाही,
हात ओला होता.